टिचकीची घाई, शेवूची चानकी

बस बरं. मांडी घाल. पाणी आधीच पिऊन घे, मग मधेच उठायचं नाही. माझ्या हातात ताट आहे आणि तोंडात गोष्ट आहे. घास गिळलास की गोष्ट पुढे जाईल. गालात घास धरून बसलास तर गोष्टही तिथेच बसेल. मग मला सांगायचं नाही.

आ कर. हं, अस्सं.

एक होती उंदरी. केवढी? एवढीशी! टिचकी मारली तर उडून पडेल, एवढी. म्हणून तिचं नावच टिचकी.

टिचकी राहायची शेवूच्या घरात. चुलीमागे एक बीळ होतं ना, तिथे.

शेवू कोण? शेवू म्हणजे शेवंती. अडीच वर्षांची. शहाणी पोर. गालात घास धरून बसत नसे.

शेवूच्या घरी आज जेवायला काय? भाकरी आणि पिठलं. आणि उद्या? भाकरी आणि पिठलं. कधी पिठल्यात मेथी, कधी शेवग्याचा पाला. तोंडी लावायला कांदा. कांदा फोडायचे आबा. आबा म्हणजे शेवूचे आजोबा. सुरीबिरी काही नाही, नुसत्या बुक्कीनं. फाट्!

साधंच जेवण. पण गरम गरम खाल्लं की सगळ्यांची पोटं खूश.

आई भाकऱ्या थापायची. थप थप थप. एक आबांची. एक बाबांची. एक आईची. मग शेवटी उरायचं मूठभर पीठ. त्याची व्हायची चानकी. चानकी म्हणजे इवलीशी भाकरी, आईच्या तळहाताएवढी. घरात जो सगळ्यात लहान, चानकी त्याची. त्या घरात तशी रीतच होती.

सगळ्यात लहान कोण? शेवू!

नाही हं. शेवूपेक्षा लहान टिचकी.

म्हणून शेवू चानकीचे दोन तुकडे करायची. एक मोठा, एक छोटा. आणि म्हणायची,

"हा माझा. हा तुझा."

शेवू "हा तुझा" म्हणाली की टिचकी पुढे यायची. तुकडा घ्यायची. कुट कुट कुट. पण तोवर नाही हं! "हा तुझा" ऐकू येईपर्यंत गप्प बसून थांबायचं. टिचकीला घरात तेवढंच एक काम होतं.

आणि एक दिवस तेवढंच तिच्याकडून झालं नाही.

त्या दिवशी टिचकी फार दमली होती. सकाळीच तिनं बिळात नवी गादी घातली होती. मऊ मऊ धाग्यांची. धागे कुठून आणले? ते विचारू नकोस. तिला विचारलंस तरी ती सांगायची नाही.

दमली, म्हणून भूक लागली. संध्याकाळ झाली. चुलीवर पिठलं, रटरट रटरट. लसणाचा वास कसा घमघम! आई सरपण आणायला अंगणात गेली. फळीवर पिठाचा डबा. खाली मोरी.

टिचकी म्हणाली, "थांबू कशाला? चिमूटभर पीठ आत्ताच खाते. कुणाला कळतंय!"

चढली फळीवर. तुरुतुरु तुरुतुरु. झाकण ढकललं. डबा हलला. डबा कलंडला.

धडाम्!

डबा मोरीत. पीठ मोरीत. पिठाचा झाला चिखल.

आई धावत आली. तिनं कपाळाला हात लावला.

"अगं बाई गं! घरात तेवढंच तर पीठ होतं. आता भाकरी कशाची थापू?"

शेजारी मागावं, तर शेजारच्या दाराला कुलूप. ती माणसं जत्रेला गेलेली. बाबांना सांगावं, तर बाबा बाजाराला गेलेले, अजून आले नव्हते. ज्वारी होती, नाही असं नाही. पण ती खळ्यावर पडलेली, अजून कणसातच. कणसं का कुणी थापतं?

आईनं चमचाभर पिठलं फुंकून फुंकून शेवूपुढे धरलं. शेवूनं मान फिरवली.

"नको. चानकी!"

"आज नुसतं पिठलं खा की गं."

"नको. चानकी!"

आबा म्हणाले, "पोर उपाशी निजेल हो. उपाशी निजलं की चिमणीएवढं मांस झडतं म्हणतात."

टिचकी घागरीमागे लपली होती. तिनं सगळं ऐकलं. चिमणीएवढं मांस! शेवूच्या अंगावर मांस ते केवढं? चिमणी गेली तर उरणार काय?

टिचकी हळूच म्हणाली, "चुकलं. माझं फार चुकलं. शेवू निजायच्या आत पीठ आणायला हवं."

आणि ती निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

पडवीत होतं जातं. गोल गोल, जाड जाड. टिचकी त्याच्यापुढे उभी राहिली.

"जात्या जात्या, पीठ दळ.
भाकरी होईना,
शेवू जेवेना.
घाई कुणी केली? मी केली, मी केली."

जातं म्हणालं, "दळीन की! घर्र घर्र दळीन. पण काय दळू? वारा? दाणे आण, मग दळीन."

इकडे चुलीवर पिठलं, रटरट रटरट. शेवू ताट घेऊन बसली.

"आई, चानकी?"

"होईल हं बाळा."

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. घरामागे खळं. खळ्यावर ज्वारीची कणसं. मोठ्ठी मोठ्ठी, मोत्यांसारखी. टिचकी एका कणसापुढे उभी राहिली.

"कणसा कणसा, दाणे सोड.
जातं दळेना,
भाकरी होईना,
शेवू जेवेना.
घाई कुणी केली? मी केली, मी केली."

कणीस म्हणालं, "सोडीन की! सर सर सोडीन. पण आपले आपण कसे सुटतील? बैल आण. त्यानं तुडवलं, मग सोडीन."

इकडे चुलीवर पिठलं, बुडबुड बुडबुड. खाली लागू नये म्हणून आईनं लाकूड मागे ओढलं. शेवूनं ताट वाजवलं. टण टण टण.

"आई, चानकी?"

"होईल हं बाळा."

आ कर. हा घास मोठा झाला का? असू दे. मोठाच खा.

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गोठ्यात बैल. तांबडा तांबडा, शिंगं वाकडी. टिचकीला भीती वाटली. त्याचं एक पाऊल पडलं तर टिचकीची चटणी! पण तिला शेवूचं ताट आठवलं. ती बैलापुढे उभी राहिली.

"बैलदादा बैलदादा, कणीस तुडव.
कणीस सुटेना,
जातं दळेना,
भाकरी होईना,
शेवू जेवेना.
घाई कुणी केली? मी केली, मी केली."

बैल म्हणाला, "तुडवीन की! धप धप तुडवीन. पण माझा घसा बघ, कोरडा ठाक. सकाळपासून घोटभर पाणी नाही. म्हणून तर आज मळणी झाली नाही. पाणी आण, मग तुडवीन."

इकडे चुलीवर पिठलं, बुड्... बुड्... शेवूचा हात दुखला. तिनं ताट वाजवायचं सोडलं. अंगठा तोंडात घातला.

"आई, चानकी?"

"होईल हं बाळा."

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गोठ्यापलीकडे विहीर. खोल खोल, गार गार. टिचकी काठावर उभी राहिली. वाकून ओरडली.

"विहीरबाई विहीरबाई, पाणी दे.
बैल तुडवेना,
कणीस सुटेना,
जातं दळेना,
भाकरी होईना,
शेवू जेवेना.
घाई कुणी केली? मी केली, मी केली."

विहिरीतून आवाज आला, "केली, केली."

टिचकीला फारच वाईट वाटलं. विहिरीलासुद्धा कळलं म्हणायचं!

विहीर म्हणाली, "देईन की! बादली भरभरून देईन. पण मी ही अशी तळाशी. बादली वर कोण ओढणार? दोर आण, मग देईन."

इकडे चुलीवरचं पिठलं गप्प झालं. शेवू आबांच्या मांडीवर जाऊन बसली. आबांच्या हातात कांदा तसाच.

"आई, चानकी?"

"होईल हं बाळा." आई आता हळू म्हणाली.

टिचकी निघाली. पण फार लांब जायला नको होतं. दोर तिथेच होता, विहिरीच्या काठावर. टिचकीला तो चांगला ठाऊक होता. तिचे पाय अडखळले. तुरु... तुरु... तुरु...

दोर पडला होता. एक नाही, दोन. एकाचे दोन झाले होते. मधेच तुटला होता बिचारा.

टिचकी त्याच्यापुढे उभी राहिली.

"दोरदादा दोरदादा, बादली ओढ.
विहीर देईना,
बैल तुडवेना,
कणीस सुटेना,
जातं दळेना,
भाकरी होईना,
शेवू जेवेना.
घाई कुणी केली? मी केली, मी केली."

दोर म्हणाला, "ओढीन की! सर्र सर्र ओढीन. पण मी तुटलोय, दिसतंय ना? सकाळी मला कुणीतरी कुरतडलं. बारीक बारीक दातांनी. धनी बिचारा नवा दोर आणायला बाजाराला गेला. कधी येतोय कोण जाणे. तू पाहिलंस का गं, कुणी कुरतडलं?"

टिचकीनं तोंडावर पंजा धरला. पंजामागे दात. बारीक बारीक.

"न... नाही बाई. मी नाही पाहिलं."

ऐकलंस? खोटं बोलली. असू दे, तू काही बोलू नकोस. तिचं तिलाच कसंतरी झालं होतं.

दोर म्हणाला, "बरं. शिंपिणीला आण. तिनं शिवलं, मग ओढीन."

इकडे पिठल्यावर पापुद्रा धरला. शेवूची मान एकदा इकडे, एकदा तिकडे.

"आई... चानकी?"

"होईल हं बाळा." आई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. धूर गेला असेल म्हणशील. चूल तर केव्हाच विझली होती.

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पेरूच्या झाडावर शिंपीण. शिंपीण म्हणजे एक पाखरू. हिरवं हिरवं, चोच सुईसारखी. पानं शिवून घरटं करतं. टिचकी झाडाखाली उभी राहिली.

"शिंपीणताई शिंपीणताई, दोर शिव.
दोर ओढेना,
विहीर देईना,
बैल तुडवेना,
कणीस सुटेना,
जातं दळेना,
भाकरी होईना,
शेवू जेवेना.
घाई कुणी केली? मी..."

टिचकीनं मागे वळून दोराकडे पाहिलं.

"मी केली, मी केली."

शिंपीण म्हणाली, "शिवीन की! टुचुक टुचुक शिवीन. पण दोराला दोराचेच धागे लागतात. दुसरे टिकायचे नाहीत. ज्यानं कुरतडले, त्यानं ते नेले असणार. ते धागे आण, मग शिवीन. कुणी नेले गं?"

टिचकी गप्प.

शिंपीण मान वाकडी करून बघत राहिली. एका डोळ्यानं. मग दुसऱ्या डोळ्यानं.

टिचकी पायानं माती उकरत राहिली.

इकडे घरात कुणीच काही विचारलं नाही. शेवूनंही नाही. टिचकीनं लांबून कान देऊन ऐकलं. "आई, चानकी?" ऐकू येईना. मग मात्र तिला राहवेना. तिला रडूच आलं.

"मी नेले! मीच कुरतडला दोर. मला मऊ गादी हवी होती. दोर तुटला, म्हणून बैलाला पाणी नाही. बैल तहानलेला, म्हणून मळणी नाही. मळणी नाही, म्हणून घरात दाणे नाहीत. सकाळी दोर मी तोडला आणि संध्याकाळी पीठ मी सांडलं. सगळं मीच केलं गं, शिंपीणताई!"

शिंपीण झाडावरून खाली आली. टिचकीजवळ बसली.

"अगं वेडे, मग धागे लांब कुठे शोधायचेत? तुझ्याच बिळात आहेत. जा, आण."

टिचकी घरी गेली. पळत पळत. चुलीमागे, बिळात. तिथे होती गादी. मऊ मऊ, फुगलेली. एकदासुद्धा ती त्या गादीवर निजली नव्हती. आजच तर घातली होती. टिचकीनं गादीवर गाल ठेवला. एकदाच. मग उपसायला लागली. एक धागा. दोन धागे. सगळे धागे. खाली राहिली नुसती माती, गार आणि खडबडीत.

बिळातून तिनं शेवूकडे पाहिलं. शेवूचे डोळे मिटत होते. उघडत होते. मिटत होते.

"निजू नकोस गं शेवू," टिचकी म्हणाली. "आलेच मी."

धागे तोंडात धरून ती दोराकडे गेली. धागे खाली ठेवले. मान खाली घातली.

"दोरदादा, मी मघा खोटं बोलले. तुला मीच कुरतडलं."

दोरानं आपलं तुटकं टोक जवळ ओढून घेतलं.

"दुखलं गं मला," दोर म्हणाला.

"हो."

"विचारलं असतंस तर जुनं टोक दिलं असतं मी. माझं टोक नुसतंच तर लोंबत होतं."

टिचकीनं मान आणखी खाली घातली. विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. तिला घाई होती ना!

"बरं, आता रडू नकोस," दोर म्हणाला. "रडून का धागे जुळतात? आण इकडे."

आता बघ हं कशी पळते गोष्ट. आ कर आधी. गिळलास? हं.

शिंपिणीनं दोर शिवला. टुचुक टुचुक टुचुक.

दोरानं बादली ओढली. सर्र सर्र सर्र.

विहिरीनं पाणी दिलं. डुबुक! खळ्ळ खळ्ळ.

बैल पाणी प्यायला. घट घट घट. बैलानं कणसं तुडवली. धप धप धप.

कणसांनी दाणे सोडले. सर सर सर. वाऱ्यानं भूस उडवलं. फू फू फू.

दाण्यांची पाटी बैलानं डोक्यानं ढकलत पडवीत आणली. टिचकीनंही दाणे आणले. किती? दोन. एक या गालात, एक त्या गालात.

जात्यानं दळलं. घर्र घर्र घर्र. पांढरं पांढरं पीठ!

आई पडवीत आली. बघते तर पीठ. पिठाशेजारी टिचकी. टिचकी पळाली नाही, घागरीमागे लपली नाही.

"आई, डबा मी सांडला."

आई म्हणाली, "ठाऊक आहे मला. फळीवर पिठात तुझी पावलं उमटली होती. एवढी एवढीशी."

"मग मला रागावली का नाहीस?"

"रागावले होते की! खूप रागावले होते. पण रागावून का मोरीतलं पीठ परत येतं? आणि शेवूच्या देखत तुला काय बोलू? तिची तू मैत्रीण." आईनं पीठ सुपात भरलं. "चल आता, उशीर झालाय."

आईनं चूल पेटवली. भाकरी थापली. थप थप थप. एक आबांची. एक बाबांची. बाबा आलेच तेवढ्यात, खांद्यावर नवा दोर घेऊन. एक आईची. आणि शेवटी उरलं मूठभर पीठ. त्याची झाली चानकी. आईनं पिठल्यात पाणी घातलं, ढवळलं, पुन्हा चुलीवर ठेवलं. पिठलं रटरटलं. पण मघाचा तो घमघम वास? तो काही परत आला नाही. आबांनी कांदा फोडला. फाट्!

दोर जुळला.
विहिरीनं दिलं.
बैलानं तुडवलं.
कणीस सुटलं.
जात्यानं दळलं.
भाकरी झाली.
आणि शेवू?

शेवू निजली होती. आबांच्या मांडीवर, बसल्या बसल्या. पुढ्यात ताट तसंच, रिकामं.

टिचकीचं तोंड एवढंसं झालं. एवढं सगळं केलं, तरी उशीर तो उशीरच!

पण आई ती आई. उपाशी निजू देईल होय? तिनं शेवूला मांडीवर घेतलं. गालावर पाण्याचा हात फिरवला.

"ऊठ गं माझी बाई. चार घास खा आणि मग नीज. बघ, चानकी आली."

शेवूनं डोळे उघडले नाहीत. पण तोंड उघडलं. एक घास भाकरीचा, आईच्या हातानं. दोन घास. तीन घास. चार घास. पाचवासुद्धा खाल्ला. मिटल्या डोळ्यांनीच चावत होती. चिमणीएवढं मांस वाचलं बाई!

मग शेवूनं चानकी हातात घेतली. तिचे दोन तुकडे केले. एक मोठा, एक छोटा. टिचकी रोजच्या जागेवर येऊन बसली. कान टवकारले.

शेवू म्हणाली, "हा माझा."

मोठा तुकडा तोंडात गेला.

मग म्हणाली, "हा..."

आणि गाढ निजली.

छोटा तुकडा मुठीत. मूठ बंद.

टिचकी बघत राहिली. आईनं शेवूला अंथरुणावर ठेवलं. पांघरूण घातलं. टिचकी उशाशी बसली.

आई म्हणाली, "घे गं तो तुकडा. तुझाच आहे. दिवसभराची उपाशी आहेस."

टिचकीनं मान हलवली. "शेवू अजून 'हा तुझा' म्हणाली नाही."

"ती निजली. आता सकाळीच म्हणेल."

"मग मी थांबते."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग आवराआवर करायला गेली.

टिचकी थांबली. तिच्या पोटात गुर्र गुर्र झालं. तरी थांबली. बिळात जाऊन तरी काय करणार, गादी कुठे होती? दोराचं टोक तिला सारखं आठवत होतं. विचारलं असतं तर मिळालं असतं. शेवूचं रिकामं ताट आठवत होतं. थोडं थांबलं असतं तर भरलं असतं. गरम गरम, वेळेवर.

झोपेत शेवूची मूठ सैल झाली. तुकडा दिसायला लागला. खमंग वास आला. टिचकीच्या अगदी नाकासमोर. हात पुढे केला असता तर मिळाला असता. टिचकीनं दोन्ही पंजे शेपटीखाली दाबून धरले.

थांबली. थांबली. थांबली.

कोंबडा आरवला. कुकूच् कू! आईनं दार उघडलं. उजेड आत आला. शेवू उठून बसली. डोळे चोळले. तिनं आपली मूठ बघितली. मुठीत तुकडा. शिळा, वाळका, कडक. तिनं समोर बघितलं. समोर टिचकी. तश्शीच बसलेली.

शेवूनं हात पुढे केला.

"हा तुझा."

टिचकी पुढे आली. तुकडा घेतला. कुट... कुट... कुट... शिळी भाकरी चावायला वेळ लागतो. टिचकीनं अजिबात घाई केली नाही.

संपली गोष्ट. ताटात बघ, एकच घास उरलाय. मलाही भूक लागलीय, पण हा माझा नाही.

हा तुझा. आ कर.